मुकं झालेलं तळं

"लावता की मी लावू?" बायकोने डबी उघडून त्याच्यापुढे धरली.

अजून पुरतं उजाडलं नव्हतं. धुकं पाण्याला इतकं चिकटून बसलं होतं, की पलीकडची गवताची बेटं नुसती काळी दिसत होती. भोंग्याने दुर्बिणीवरून डोळे हलवले नाहीत.

भोंगा हे नाव त्याला कामावर मिळालेलं. उभी हयात त्याने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली, चादरी पिळणाऱ्या यंत्रांच्या घरघराटात. तिथे ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नसे आणि तो सगळ्यांत जोरात ओरडायचा. पुढे घरीही तसाच बोलू लागला. सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे लक्षात यायला वर्षं गेली.

थंडी पडली, बदकं उतरली, की सुट्टीच्या दिवशी तो तळ्यावर. एवढा एकच नाद. शेजारचा शिंपी सोबतीला असायचा. मागच्या हिवाळ्यात तो शिंप्याला म्हणाला, "यंदा पाखरं मुकी झालीत रे. चकार शब्द नाही." शिंपी त्याच्याकडे बघतच राहिला. समोर चक्रवाकांनी नुसता गोंगाट मांडला होता.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ते डबीसकट कपाटात शर्टांच्या मागे गेलं. "मला येतं ऐकू," हे त्याचं पालुपद. मग परवा धुलाईखान्याच्या दारात टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता आणि हा आपल्याच तंद्रीत उभा. रखवालदाराने दंड धरून खेचलं म्हणून वाचला. ते रखवालदाराने घरी येऊन सांगितलं.  आज पहाटे बायको ती डबी पिशवीत टाकून त्याच्या आधी तयार. तळ्यावर ती पहिल्यांदाच येत होती.

आता ती वळसा घालून त्याच्या समोर आली, तोंड दिसेल अशी. "अहो, तुमच्याशी बोलतेय मी."

"पाखरं बघू दे."

"बघा की. मी काय डोळ्यांना लावा म्हणतेय?"

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन लावलं आणि तरीही तळं मुकंच राहिलं तर? न लावता निदान पाखरांना दोष देता येत होता.

"टेम्पोवाल्याने मला बोलावून दाखवलं, कुठवर चाक आलं होतं ते," ती म्हणाली. तिने हाताने वीतभर अंतर दाखवलं. त्याने हात पुढे केला.

मशीन कानात बसलं आणि पहिल्यांदा आली ती मशीनची शीळ, कर्कश. मग त्याच्याच जाकिटाची खसखस, त्याचाच श्वास. पाण्याकडून काहीच नाही.  झालं, संपलं म्हणायचं. त्याचा हात कानाकडे गेला. बायकोने मनगट धरलं.

"थांबा जरा. झोपलीत ती अजून."

खरंच, बदकं पाठीत चोच खुपसून बसली होती. धुक्यात ऊन शिरलं. एका चक्रवाकाने मान काढली, इकडेतिकडे बघितलं आणि हाक घातली. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी, जराशी चिरकी, पण त्याचीच. दुसऱ्याने उत्तर दिलं. मग लांब पायांच्या शेकाट्यांची टिकटिक सुरू झाली, गवतात कुणीतरी पाणी उडवलं आणि बघता बघता सगळं तळं बोलायला लागलं.

"आहेत! आहेत गं सगळी!" तो ओरडला.

"हळू! उडवाल त्यांना."

त्याने तोंडावर हात दाबला. डोळे वाहत होते, ते त्याने पुसलेही नाहीत. इतक्यात शेजारून आवाज आला, अगदी हलका, स्वतःशीच बोलल्यासारखा, "बूट चावतोय मेला."

तो वळला. "मग आधी का नाही बोललीस?"

बायको चमकली. "ऐकलंत तुम्ही?" मग म्हणाली, "बसमधून उतरल्यापासून बोलतेय."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी पुष्कळ बोलायचे. मग सोडलं. तुम्ही सगळ्याला आपलं हो हो. एकदा म्हटलं, घराला आग लागलीय. तर म्हणालात, हो हो, बरं झालं."

तो खो खो हसला. हसता हसता थांबला. ती हसत नव्हती.

त्याने दुर्बीण गळ्यातून काढून गवतावर ठेवली आणि तिच्या पायाशी गुडघे टेकले. "बस त्या दगडावर. आण पाय. आणि बोल, काय काय राहिलंय ते."

"आत्ता? इथे?"

"मग कधी?"

ती बसली. पाय पुढे केला आणि बोलू लागली. मध्येच तळ्यावरून सगळा थवा एकदम उठला. शेकडो पंखांची फडफड डोक्यावरून निघून गेली. त्याने मान वर केली नाही. बुटाच्या नाडीची गाठ घट्ट बसली होती आणि बायको काहीतरी सांगत होती.