पंचावन्न किलो

आईने पावडरच्या डब्यात दोन्ही हात घातले, तळवे एकमेकांवर चोळले आणि ती वजन उचलायच्या बारसमोर येऊन उभी राहिली. मुलीने नुकत्याच दोन्ही बाजूंना प्लेट्स चढवल्या होत्या. प्रत्येक बाजूला एक पंधराची, एक अडीचची. बार धरून एकूण पन्नास किलो. महिन्याभरापूर्वी हीच बाई जमिनीवरून एकशे दहा उचलत होती, तेव्हा पन्नास म्हणजे खरं तर गंमतच. पण मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेल्यापासून इथे कोणी गंमत करत नव्हतं.

"बरं वाटतंय ना?" मुलीने विचारलं.

"अजून हातही लावला नाहीये गं."

"तसं नाही. पायाला ओढ वगैरे?"

"पाय जिथल्या तिथे आहे."

मुलगी हसली नाही. वही छातीशी धरून ती दोन पावलं मागे सरकली. सुट्टीची सकाळ होती, व्यायामशाळेच्या हॉलमध्ये दोघीच होत्या. एरवी सकाळच्या बॅचची कोच मुलगीच, आणि आई तिची सगळ्यात वयस्क शिष्या. पूर्वी ती नात्याची भीडभाड न ठेवता सगळ्यांदेखत आईला झापायची, आणि पुस्तक बांधणीच्या दुकानात तीन कारागिरांना धाकात ठेवणारी ही बावन्न वर्षांची बाई निमूट पाठ सरळ करायची. दुखापतीच्या दिवशीही मुलगी तशीच ओरडली होती. चार वेळा उचलून झालं होतं, आई दमली होती, तेव्हा "सोडू नकोस, अजून एक!" असं ती म्हणाली होती. त्या एकातच स्नायू ताणला गेला. तेव्हापासून तिचा आवाज आजाऱ्याच्या खाटेशी बसल्यासारखा झाला होता.

फिजिओच्या मते दुखापत किरकोळ होती. पहिला आठवडा नुसतं चालणं, दुसरा रिकामा बार, तिसरा चाळीस किलो. पाय ठरल्याप्रमाणे सुधारत गेला. मुलगी मात्र खचत गेली, आणि काल जेवताना तिने सांगून टाकलं.

"पुढच्या आठवड्यापासून तू संध्याकाळच्या मास्तरांकडे जा. मी बोललेय त्यांच्याशी."

"का? माझा कंटाळा आला?"

"माझ्या हातून पुन्हा काही झालं तर मला सहन नाही होणार, आई."

आईने पाण्याचा पेला ओठाला लावला. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. पण एरवी गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी ही बाई काल मूग गिळून बसली. तिला मास्तरांकडे जायचं नव्हतं. घरात दोघींच्या वेळा कधी जुळत नसत. पोरीचा पूर्ण एक तास तिला मिळायचा तो फक्त इथेच.

आता तिने वाकून बार धरला, आणि धरताक्षणी तिला कळलं. तीस वर्षं पुठ्ठ्याची आणि पुस्तकांची जाडी चिमटीने जोखणाऱ्या हातांना ते न कळून कसं चालेल? बायकांचा बार पंधरा किलोचा आणि अंगाने बारीक असतो. हा जाड होता. हा वीस किलोचा. मुलीने बेरीज पंधराच्या बारवर केली होती आणि आणला होता भलताच. रोज हे बार उचलून ठेवणारी पोर असं चुकते, म्हणजे तिचं लक्ष बारवर नव्हतंच. ते आईच्या पायावर होतं.

आईने पायाचा अंदाज घेतला. पाय गप्प होता. तिने श्वास भरला आणि उचललं. एक, दोन, तीन. चौथ्याला तिला चक्क मजा वाटली. पाचव्यानंतर तिने बार सावकाश खाली ठेवला.

मुलीचा जीव भांड्यात पडला. तिने वही उघडली. "पन्नास, पाच वेळा," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"पंचावन्न लिही."

"काय?"

"वीसचा बार आहे हा."

मुलीने बारकडे पाहिलं, मग भिंतीच्या रॅककडे. बारीक बार तिथेच होता. ती बाकावर बसली.

"कधी कळलं तुला?"

"धरल्याबरोबर."

"आणि तरी उचललास?"

"दुखलं असतं तर ठेवला असता."

"बघितलंस ना? म्हणूनच सांगत होते." मुलीने पेनाला टोपण लावलं. "महिन्यात दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा माझ्यामुळे."

आईने हातांची पावडर पँटला पुसली.

"पहिली चूक तुझी नव्हती," ती म्हणाली.

"अजून एक मीच म्हणाले होते."

"म्हणालीस. पण ते पान काढ. त्या दिवसाचं."

मुलीने पानं उलटली. वर, ज्याने त्याने स्वतः भरायच्या जागी, आईच्या ठसठशीत अक्षरात हलक्या वजनाचे पाच सेट लिहिले होते. अंग गरम करायला आधी करायचे ते, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

"यातला एकही केला नव्हता मी," आई म्हणाली. "पहाटेपासून शाळेची रजिस्टरं शिवत बसले होते. यायला उशीर झाला. तू दुसऱ्यांना बघत होतीस. म्हटलं, कुठे वेळ घालवायचा. पाचही खुणा केल्या आणि थंड अंगाने सरळ जड वजनाला हात घातला."

मुलीने त्या खुणांवरून बोट फिरवलं.

"महिनाभर, आई?"

"लाज वाटली गं."

"मी रात्र रात्र जागी होते."

"माहीत होतं मला."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि आपण किती वाईट वागलो ते आईला पुरतं कळलं. मुलगी उठली. तिने प्लेट्स काढल्या, एकेक जमिनीवर आपटली, जाड बार रॅककडे ओढत नेला. ती आता दाराबाहेर जाईल, आणि गेली तर तिला अडवायचा आपल्याला काही हक्क नाही, असं आईला वाटलं. मुलगी परत आली तेव्हा तिच्या हातात बारीक बार होता. तो तिने आईच्या पायांपुढे ठेवला.

"मास्तरांकडे नाही पाठवत तुला. ते बिचारे साधे आहेत. त्यांना तू पहिल्याच दिवशी गंडवशील."

तिने बारकडे बोट दाखवलं.

"पाचही सेट. आत्ता. माझ्यासमोर, मोठ्याने मोजून."

"अगं, पण आजचं तर झालं ना माझं..."

"मी विचारलं का?"

आई वाकली. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. तिने रिकामा बार उचलला.

"एक."

"ऐकू आलं नाही," मुलगी म्हणाली.