बेचाळीस सीड्यांतलं गाऱ्हाणं

मी मुळातच तापट. त्यात वीज दिवसाला चार तास गायब, आणि दिरानं मस्कतहून पाठवलेलं ते टीव्हीला जोडायचं यंत्र. गुरुदासभावजी फोनवर सांगतात, "वयनी, त्येच्यात हार्ड डिस्क आसा. घरातले सगळे सीडी त्येच्यात भर, खाऱ्या वाऱ्यान खराब होवचे नाय." सांगायला काय जातंय! सीडी जितका वेळ चालते तितकाच वेळ ती भरायला लागतो, आणि मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासून.

पण भरणं भाग होतं, कारण माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, वाचा गेली होती. शिमग्यात त्यांना पक्षाघात झाला. तोवर आमच्याकडे लग्न, बारसं, नवी होडी, काहीही अप्पांच्या गाऱ्हाण्याशिवाय झालं नव्हतं. नारळ हातात धरून देवाला हाक मारायची. घराण्याचे देव, वेशीवरचा राखणदार, समुद्रातून परत न आलेली माणसं, पाण्याखालचा एकेक खडक, म्हणजे खडप, सगळं ठरलेल्या क्रमानं. दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही, लिहूनही ठेवलं नाही. "कागदावरचा गाऱ्हाणा देव आयकणा नाय," म्हणायचे. घ्या आता!

माझ्या नवऱ्याची, सर्वेशची, नवी होडी घरापुढच्या वाळूत तयार उभी होती. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर. शेजारच्या भाईंनी गाऱ्हाणं घालून पाहिलं. दुसऱ्याच नावाला अप्पांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सर्वेश म्हणाला, "गाऱ्हाण्याशिवाय होडी पाण्यात जावची नाय." तो एकदा असं म्हणाला की संपलं. बापाचाच मुलगा.

म्हणून सीड्यांचा डबा उघडला. त्यात एक्केचाळीस सीड्या, निम्म्यांवर पांढरे डाग. बरं, शूटिंगवाल्या मेल्यानं जिथे तिथे गाऱ्हाण्यावर सनई चढवलेली! तरी माझ्या लग्नात सुरुवात सापडली, नणंदेच्या लग्नात देवांची नावं, एका बारशात खडपं. शेवट काही मिळेना.

"जुन्या होडीच्या पूजेची सीडी खंय गेली?" सर्वेशनं विचारलं.

चैत्रात वाळत्या बांगडा मासळीवरचे कावळे हाकलायला मीच एक सीडी दोरीनं टांगली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, मला काय स्वप्न पडलं होतं? पळत गेले. दोन महिन्यांचा पाऊस खाऊन ती अजून खांबाला लोंबत होती. धुतली, पुसली, देवाचं नाव घेऊन प्लेअरमध्ये घातली. दोनदा अडखळली आणि अप्पांचा आवाज आला, तो थेट शेवटपर्यंत.

त्या यंत्रात तुकडे कापून एकापुढे एक लावता येतात. ते लावले. अप्पांना मुद्दाम काही सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी टीव्ही ओटीवर आणला, आवाज पूर्ण सोडला. अप्पांना खुर्चीत बसवलं. खाली वाळूत होडीभोवती खलाशी, नारळ धरून सर्वेश. लाईट जाऊ नये म्हणून मी आधीच राखणदाराला कोंबड्याचा नवस बोलले होते.

टीव्हीतले अप्पा बोलू लागले. पडद्यावर मिशा पांढऱ्या, मग करड्या, शेवटच्या तुकड्यात चक्क काळ्या. पण आवाज एकच, कुठे सांधा कळेना. दहा वर्षं घरभर विखुरलेला माणूस त्या डब्यातून सबंध उभा राहिला होता.

"जे आज तुझ्या पाण्यात जातत, तेंका हसत-खेळत घराक घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खलाशी गरजले.

त्यांच्यामागून, उशिरा, एक जड आवाज आला. आधी मला वाटलं, यंत्र अडखळलं.

"व्हय... म्हाराजा."

अप्पा! पाच महिन्यांत पहिल्यांदा. जन्मभर ज्यांनी गाऱ्हाणं घातलं, ते आज वाळूतल्या पोरांबरोबर त्याला हो म्हणत होते. सर्वेश नारळ फोडायचा विसरून बापाकडे बघत राहिला.

अप्पांनी डावा हात उचलला. भाईंना थांबवलं होतं तोच हात. आणि सर्वेशला समुद्राकडे बोट दाखवलं.