चोपन्न अंश

नृसिंह सरांना आकडेमोडीला कागद लागत नसे, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरूही देत नसत. वीस वर्षं त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. वायूचं गणित मांडताना तापमानात आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, हे जो विसरेल त्याला ते सरळ वर्गाबाहेर काढत.

त्यांचा जुना विद्यार्थी आकाराम उद्यमनगरात लहानसा कारखाना चालवी. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये त्यानं हवा दाबायचा नवा कॉम्प्रेसर आणला आणि शाहूपुरीतल्या हॉटेलात सरांना गाठलं.

"सर, सात किलो दाबाला हवा किती तापंल? विकणारा म्हणतोय, खास तेलच घाला. साधं चालंल न्हवं?"

भोवती चार माणसं चहा पीत होती. सरांनी डोळे मिटले. वातावरणाचा धरून दाब आठ पट, म्हणजे तापमान एक पूर्णांक एक्याऐंशी पट. बाहेरची हवा तीस अंश.

"चोपन्न," ते म्हणाले. "अंघोळीचं पाणी म्हण. घाल बिनधास्त साधं तेल."

चौघांनी माना डोलावल्या. सरांना फार बरं वाटलं.

मे महिन्यात त्या तेलानं पेट घेतला, हवेची टाकी फुटली आणि यंत्र चालवणारा जोतीराम जागच्या जागी गेला. त्यानंच जादा दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडला नसणार, असं आकाराम म्हणाला. सरांचं गणित चुकेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मग जोतीराम राहायचा ती सगळी मंगळवार पेठ तेच म्हणू लागली.

सरांनी घरी दार लावून कागद घेतला. तीसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवले, गुणले, पुन्हा वजा केले. दोनशे शहात्तर अंश! गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, आणि दोन दिवस ते भेकडासारखे गप्प बसलेही.

तिसऱ्या दिवशी जोतीरामची बायको बनाबाई दारात उभी राहिली.

"मास्तर, समदी म्हंत्यात आमच्या ह्यांचीच चूक. माझ्या पोरांनी जलमभर हेच ऐकायचं का? तुमी शिकल्यालं. खरं काय ते सांगा."

सर उठून दारात आले. "बाई, जोतीरामची काही चूक नव्हती. हवा किती तापते ते मीच चुकीचं सांगितलं. पोलिसांत तसं लिहून देतो."

ती शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. खरं तर त्यांना तेच हवं होतं. बनाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हंजे ह्यांचंच खरं हुतं," ती म्हणाली. "रोज घरी येऊन म्हणायचं, पाइप लई भाजतोय, उद्या जात न्हाय. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या मास्तरांनी हिशेब केलाय, तुमास्नी त्यांच्यापरास जास्त कळतंय व्हय? त्या दिवशी डबा हातात देऊन मीच धाडलं की त्यास्नी."