सातव्या फेरीची कुणकुण

लढत शुक्रवारी होती. सोमवारपर्यंत फिलाडेल्फियातल्या सट्टेवाल्यांच्या लेखी रॉस्को टिलरी जिंकणार होता आणि बुधवारी सकाळी तो हरणार होता. मधल्या काळात त्याला ना ताप आला होता, ना त्याचा पाय मुरगळला होता. उलट मंगळवारी त्यानं सरावातल्या जोडीदाराचे दोन दात हलवले होते. त्याचा वस्ताद स्टॅनिस्लाव डुडेक याला भाव फिरल्याची बातमी बायकोकडून कळली, बायकोला ती खाटकाकडून कळली होती, आणि खाटकानं सॉसेज बांधता बांधता हेही सांगितलं होतं की पडायचं ठरलंय ते सातव्या फेरीत.

"खाटकाला काय कळतंय बॉक्सिंगमधलं?" डुडेक म्हणाला.

"काही कळत नाही," हेलेना म्हणाली. "पण तो कधी नव्हे ते छातीठोकपणे सांगत होता."

डुडेकनं कॉफी तशीच ठेवली. अकरा वर्षांपूर्वी गोदीत पोती उचलणारा रॉस्को त्यानं तालमीत आणला होता. आता रॉस्को तेहतीस वर्षांचा होता, म्हणजे हेवीवेटच्या हिशेबात आजोबा व्हायला आलेला. ही लढत जिंकली तर सप्टेंबरात जगज्जेत्याशी गाठ होती. हरला तर पुन्हा गोदी होती, पोती होती.

सरळ उपाय म्हणजे रॉस्कोला विचारणं. पण त्या धंद्यात हे कोणी करत नसे. विचारलं की कळतं, आणि कळलं की राज्याच्या बॉक्सिंग मंडळाला कळवावं लागतं, नाहीतर परवाना जातो. त्यामुळे शहरातले सगळे वस्ताद आपल्या माणसाचं वजन, नाडी, जेवण, झोप, झालंच तर शौच, सगळं रोज विचारत. हे एवढं सोडून.

म्हणून डुडेक गुरुवारी मिल्टन फार्बच्या गालिच्यांच्या दुकानात गेला. फार्ब हा रॉस्कोचा कागदावरचा मॅनेजर. खरा मालक एडी लोमॅक्स नावाचा गृहस्थ होता, ज्याच्या नावावर साधा कुत्र्याचा परवानाही नव्हता. शुक्रवारी रॉस्कोसमोर उतरणाऱ्या गस हॉलस्ट्रॉमचाही निम्मा हिस्सा लोमॅक्सचाच, असं लोक म्हणत. त्यामुळे लढत कोणीही जिंको, लोमॅक्स हरल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"वस्ताद, मी गालिचे विकतो," फार्ब म्हणाला. "गालिच्याखाली काय आहे ते बघायची मला सवय नाही."

"भाव का फिरला, एवढंच सांग."

"भाव म्हणजे हवा. फिरते." फार्बनं एका गुंडाळीवरची धूळ झटकली. "आता, मंगळवारी कोणीतरी रॉस्कोला गाडीत बसवून वीस मिनिटं बोलत होतं, हे खरं. पण लोक बोलतात. मी कोण त्यांना अडवणार?"

"कोणाची गाडी?"

"काळी होती. त्यालाच विचारा की."

दोघांनीही ही सूचना विनोद म्हणून सोडून दिली.

शुक्रवारी संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत डुडेक रॉस्कोच्या हातांना पट्ट्या बांधायला बसला. एरवी हे काम अर्धा तास चाले. रॉस्कोला डावी पट्टी घट्ट वाटे, मग सैल वाटे, मग अंगठ्याजवळ टोचे. तीनदा सोडायची, तीनदा बांधायची. ज्याला ठोसे मारायचे आहेत तो आपल्या हातांची अशीच काळजी करतो. त्या दिवशी रॉस्को एक अक्षर बोलला नाही. पट्टीच्या प्रत्येक वेढ्याकडे नुसता बघत राहिला.

"ठीक आहे ना?" डुडेकनं विचारलं.

"ठीक आहे."

"घट्ट नाही?"

"ठीक आहे म्हटलं ना, वस्ताद."

डुडेकनं पट्टीचं टोक चिकटवलं. ठीक आहे हा शब्द त्यानं या माणसाच्या तोंडून अकरा वर्षांत ऐकला नव्हता. मंडळाचा निरीक्षक आला, त्यानं पट्ट्यांवर सही केली आणि शुभेच्छा दिल्या. त्या शुभेच्छाही डुडेकला जरा जास्तच मनापासून वाटल्या.

पहिल्या चार फेऱ्या रॉस्को लढला, पण हात राखून लढला. दोन ठोसे मारायचा आणि मागे सरायचा. हॉलस्ट्रॉम हा मिनेसोटाचा उंच, गोरा पोरगा, बैलासारखा पुढे यायचा आणि धापा टाकायचा. प्रत्येक फेरीनंतर डुडेक रॉस्कोच्या तोंडाला बाटली लावायचा. रॉस्को चूळ भरून थुंकायचा, एक घोटही गिळायचा नाही. ज्याला घाम गाळायचा नाही त्याला तहान कशाला लागेल, डुडेकनं मनात म्हटलं. खाटकाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

पाचव्या फेरीत हॉलस्ट्रॉमचं डोकं लागून रॉस्कोची डावी भुवई फाटली. सहावी संपली तेव्हा रक्त गालापर्यंत आलं होतं. घंटा झाली, रॉस्को स्टुलावर बसला, आणि डुडेकच्या हातात एक मिनिट आलं.

जखम अर्ध्या इंचाची होती. औषधात बुडवलेला कापूस दाबून धरला तर चाळीस सेकंदांत रक्त थांबलं असतं. पण मग सातवी फेरी सुरू झाली असती. रॉस्को पडला असता, तोही वाईट पडला असता, कारण त्याला नाटक येत नव्हतं. टीव्हीवर अख्ख्या देशानं ते पाहिलं असतं. मग चौकशी, बंदी, कदाचित तुरुंगही. त्यापेक्षा जखमेमुळे सहाव्यातच थांबलं तर माणूस इज्जतीनं हरतो, आणि सातव्यावर पैसे लावणाऱ्यांचं नाक कापलं जातं ते वेगळंच. डुडेकला हा विचार फार हुशारीचा वाटला.

डॉक्टर वाकून बघायला आले. "थांबेल का हे?"

"नाही," डुडेक म्हणाला. "खोल आहे. मला हाड दिसतंय."

रॉस्कोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

डॉक्टरांना हाड दिसलं नव्हतं. पण या शहरात जखमेबद्दल डुडेकच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे. त्यांनी पंचाला खूण केली. लढत संपली.

खोलीत आल्यावर रॉस्कोनं दार लावलं आणि आरशात भुवई पाहिली. रक्त एव्हाना आपोआप थांबलं होतं.

"किती दिले?" त्यानं विचारलं.

"मी तेच तुला विचारणार होतो."

"मला?" रॉस्को वळला. "मी मंगळवारीच नाही म्हटलं. गाडीतून उतरताना तो माणूस हसला. म्हणाला, तू नाही म्हण की हो म्हण, तुझ्या वस्तादाशी आमचं आधीच झालंय."

डुडेक बाकावर बसला. "आणि तू खरं मानलंस?"

"निम्मं. म्हणून तुमच्या हातचं पाणी प्यायलो नाही. म्हणून प्रत्येक पट्टी मोजत बसलो, आत काही घालताय का बघत. त्या पोराला दमवत होतो मी, वस्ताद. सातव्यात झोपवणार होतो त्याला. उभा तरी राहत होता का तो?"

"मग मला सांगायचंस."

"तुम्ही विचारायचंत."

शनिवारी सकाळी डुडेकच्या दारात एक भला मोठा धुरावलेला हॅम, डुकराची अख्खी मांडी, येऊन पडला. सोबत नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. परत करायचा तर कोणाला, हा प्रश्न होता. हेलेनानं तो चर्चमध्ये नेला. पाद्र्यानं आदल्या दिवशी टीव्ही पाहिला होता. त्यानं हॅमकडे पाहिलं, हेलेनाकडे पाहिलं आणि सध्या चर्चला हॅमची गरज नसल्याचं सांगितलं.

दहा दिवसांनी मंडळापुढे चौकशी झाली. फार्बनं डुडेकला आधीच गाठून समजावलं होतं की जखम खोल होती एवढं म्हणा, विषय संपतो. ते खरंही होतं. डुडेकचा परवाना राहिला असता, निकाल कायम झाला असता आणि रॉस्को सन्मानानं गोदीवर परतला असता.

"जखम थांबण्यासारखी होती का?" अध्यक्षांनी विचारलं.

"होती," डुडेक म्हणाला. "मी याच्यापेक्षा वाईट जखमा डोळे मिटून थांबवल्यात."

"मग तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"पैसे कोणी दिले?"

"कोणीच नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. पंचवीस वर्षांत त्यांच्यापुढे पुष्कळ खोटारडे येऊन गेले होते, पण त्यातल्या प्रत्येकाकडे निदान काही कारण असायचं. "मग का केलंत?"

"मला संशय आला होता," डुडेक म्हणाला.

हे उत्तर लघुलेखकानं दोनदा विचारून घेतलं. तासाभरात निर्णय झाला. डुडेकचा परवाना कायमचा रद्द. लढतीचा निकाल रद्द, आणि ऑगस्टमध्ये टिलरी व हॉलस्ट्रॉम पुन्हा लढतील. लोमॅक्सचं नाव कामकाजात कुठेच आलं नाही. ते कधीच कुठे येत नसे.

बाहेर व्हरांड्यात रॉस्को टोपी हातात धरून उभा होता. भुवईवर टाक्यांची बारीक रेघ होती.

"नवीन माणूस बाल्टिमोरहून येतोय," तो म्हणाला. "फार्बनं शोधलाय."

"फार्बनं?"

"मी त्या माणसाला फोनवर विचारलं, लोमॅक्सचा आहेस का. सरळ विचारलं. तो म्हणाला नाही."

"आणि तू खरं मानलंस?"

"निदान विचारलं तरी." रॉस्को टोपीची कड चाचपत राहिला. "पैसे घेऊन विकणारा माणूस मला कळतो, मिस्टर डुडेक. त्याला पोरं असतात, घरभाडं असतं. तुम्ही मला फुकटात विकलंत."

डुडेकला जे येत होतं तेवढंच तो बोलला.

"ती भुवई पुन्हा फाटेल. तिसऱ्या-चौथ्या फेरीत, डाव्या टोकाकडून. त्या माणसाला सांग, रक्त पुसत बसू नकोस. आधी अंगठ्यानं वरून दाब, मग कापूस, आणि चाळीस मोजेपर्यंत हात काढायचा नाही. पंच ओरडला तरी काढायचा नाही."

रॉस्कोनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग त्यानं मान हलवली आणि जिन्याकडे निघाला. दोन पायऱ्या उतरल्यावर तो थांबला.

"वरून, की खालून?"

"वरून."

रॉस्को क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हे दुसऱ्या कोणाकडून तरी ताडून घ्यायला हवं, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. मग त्यानं टोपी घातली आणि तो खाली उतरला.