डबा सावकाश खाणारे काका

कॉलेजच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला चिकटून, एक अरुंद खोली होती. दारावर 'करिअर मार्गदर्शन' अशी पाटी होती, पण मुलं तिला बघबाईंची खोली म्हणत. आत जाऊन कुणीही 'बाई, मी पुढे काय करू' असं विचारलं, की बाईंचं उत्तर ठरलेलं असे. मला काय विचारतोस, जाऊन बघ.

आणि त्या खरंच पाठवत. दुरून डोंगर साजरे हे सगळ्यांनाच पाठ असतं, पण जवळ जायची तसदी कोण घेतो, असं त्यांचं म्हणणं. वकील व्हायचंय ना, मग एक दिवस वकिलाच्या ऑफिसात कोपऱ्यात बसून ये. बसून काय बघायचं तेही त्यांनी मुलांकडून घोटून घेतलेलं होतं. साहेबांचं भाषण कानाआड करायचं. आपल्याला जे काम करायचंय तेच करणारा, आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस शोधायचा आणि तो दुपारचा डबा कसा खातो ते बघायचं. चवीनं खातो की नुसता गिळतो, कुणाशी बोलत खातो की भिंतीकडे तोंड करून. उद्या तूही तसाच जेवणार आहेस, बाई म्हणत. शितावरून भाताची परीक्षा.

मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करत, पण जाऊन येत. एक मुलगी केवळ त्या डब्यापायी हॉटेलची लाइन सोडून नर्सिंगला गेली होती आणि सुखात होती. बाईंनी हे शास्त्र कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. त्यांचे वडील कारखान्यातून घरी येऊन ज्या तऱ्हेनं जेवत, त्यातून त्या ते शिकल्या होत्या.

मग पुलापलीकडे ती काचेची इमारत उभी राहिली. दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, असं तिथलं काम. माणसं लागत होती, आणि सारखी लागत होती. बाईंनी रिवाजाप्रमाणे मुलं पाठवली. पहिली खेप जरा गप्पगप्प परतली, पण पुढची प्रत्येक खेप एकच गोष्ट सांगत आली. तिथे खिडकीशी एक काका बसतात. पिकले केस, गळ्यात हेडफोन. डबा असा खातात, बाई, की बघत राहावं. मध्येच नातीचा फोटो दाखवतात, काकडीची फोड पुढे करतात. बाईंना बरं वाटलं. जिथे पिकल्या केसांचा माणूस काकडी वाटून खातो, तिथे पोराबाळांना पाठवायला काय हरकत आहे? त्यांनी वर्गच्या वर्ग पाठवले.

त्यात शेवटी बारकीही गेली. बारकी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दूर गावी, म्हणून पोर शाळेपासून मावशीकडेच वाढलेली. तीही बघून आली आणि दोनच दिवसांत तिला कंपनीतून बोलावणं आलं. सोमवारी होकार कळवायचा होता. बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, काकांचं जेवण बघितलंस का? बारकी म्हणाली, बघितलं की, नीट बघितलं. आणि ताटं घासायला उठून गेली.

शुक्रवारी बाईंच्या खोलीत लंबू आला. गेल्या वर्षीचा विद्यार्थी, दारातून वाकून येणारा. आता वाकायची गरज उरली नव्हती. तो आपणहूनच वाकला होता. काचेच्या इमारतीतली नोकरी त्यानं सोडली होती आणि दुसरं काही मिळेल का ते विचारायला आला होता. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, काका काय म्हणतायत?

"कुठले काका?"

"खिडकीशी बसतात ते. काकडीवाले."

लंबूनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, ते होय. ते फक्त कॉलेजची मुलं यायची त्या दिवशी असतात. एरवी त्या टेबलावर प्रिंटरचे खोके असतात. आम्ही एका हातानं खातो, बाई, दुसरा हात बटणावर. तिथे तिशी ओलांडलेलं माणूस मी एकही बघितलं नाही. बसतात, उठतात, खुर्चीवर दुसरं बसतं. खुर्ची गरमच असते.

मग आधी का नाही आलास सांगायला, त्यांनी विचारलं.

"तुम्ही बघून ये म्हणालात. मी बघून गेलो. चुकलं तर माझंच ना?"

शनिवारी बाई पूल ओलांडून गेल्या. आधी कळवलं नाही. आत थंडगार हवा, दिवसाउजेडी लावलेले दिवे, आणि भिंतीवर घड्याळ नाही. काचेपलीकडे रांगेनं पाठी दिसत होत्या. मान कुणी वळवत नव्हतं. बाईंनी त्या पाठींत ओळखीची वेणी शोधली, ओळखीचे खांदे शोधले, आणि सापडायला लागल्यावर शोधायचं थांबवलं. खिडकीशी खोके होते. बाहेर बसलेल्या मुलीला त्यांनी काकांबद्दल विचारलं, तर ती अगदी गोड हसली आणि म्हणाली, आज भेट नाहीये ना, मॅडम.

काका त्यांना समोरच्या चहाच्या दुकानात सापडले. पैसे घ्यायला आले होते, चहावाल्यानंच बोट करून दाखवले. दोन घोटांत कप रिकामा करून त्यांनी बिस्कीट आख्खंच तोंडात टाकलं, त्यावरूनच बाईंनी ओळखलं की हे जेवण वेगळं आणि ते वेगळं. बाईंनी आपली ओळख सांगितली. गृहस्थ दचकले नाहीत, उलट त्यांनी उठून नमस्कार केला. ते नाटकात काम करत, म्हणजे पूर्वी करत. हल्ली मिळेल ते.

"तुम्ही होय त्या. तुमचीच कृपा म्हणायची." बोलण्यात जराही कुत्सितपणा नव्हता. पहिल्या खेपेच्या मुलांना साहेबांनी विचारलं होतं, तुमच्या बाईंनी काय काय बघायला सांगितलंय? मुलांनी सांगून टाकलं. सरळ मुलं, खोटं कशाला बोलतील. दुसऱ्या खेपेला टेबल तयार होतं. सुरुवातीला मी भराभर खायचो, गृहस्थ म्हणाले, साहेबांनी दोनदा तालीम घेतली. काकडीची कल्पना मात्र माझी स्वतःची.

"आणि नात?"

"ती फ्रेमबरोबरच आली होती."

बाई उठल्या, तेव्हा गृहस्थांनी आणखी एक सांगितलं. सोमवारपासून नवीन कुणी येतंय म्हणे, मुलांच्या भेटीचं सगळं बघायला. आता माझं काही खरं नाही. पुलावरून परतताना बाईंच्या डोक्यात ते वाक्य बराच वेळ नुसतंच वाजत राहिलं, पण तेव्हा त्यांना घाई होती ती बारकीला गाठायची. चालता चालता त्यांनी नवीन शास्त्रही जुळवलं. यापुढे डबा नाही. यापुढे मुलांना दुसरंच काहीतरी बघायला सांगायचं, जे कुणाला तालीम घेऊन उभं करता येणार नाही. काय, तेही सुचलं होतं, आणि सुचल्याबरोबर त्यांना जरा हुशारी वाटली होती.

घरी बारकीनं पानं वाढली होती. काकडी चिरून ठेवली होती. बाईंनी हातही न धुता सगळं सांगून टाकलं, खोके, फ्रेम, तालीम, लंबूची वाकलेली मान, गरम खुर्ची. ऐकून झाल्यावर बारकीनं मावशीला पाण्याचा तांब्या दिला.

"मला माहीत आहे, मावशी. त्या काकांच्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. खिशात सोडलेली होती." ती हसली. "तूच शिकवलंस ना बघायला."

"मग झालं तर. सोमवारी नाही म्हणून कळव."

"मी ते तिथल्या साहेबांना तोंडावर सांगितलं. त्या दिवशीच. म्हटलं, वायर तरी जोडा. त्यावर तर त्यांनी बोलावलं मला." बारकीनं भाजीचा वाडगा पुढे सरकवला. "फोनवर नाही बसवणार मला. येणाऱ्या मुलांचं बघायचं. त्या अख्ख्या इमारतीत सावकाश जेवायला मिळेल असं एकच काम आहे, मावशी. ते मला मिळतंय. तुझ्या हिशेबानं मी चुकले का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जिला शाळेपासून बघायला शिकवलं, तिनं बघितलं होतं, आणि अगदी बरोबर बघितलं होतं. लंबूची वाकलेली मान सांगावी असं त्यांच्या मनात आलं, पण ती तर आत्ताच सांगून झाली होती. पोरीनं ती ऐकून घेतली होती आणि काकडीवर मीठ भुरभुरवलं होतं.

दोघी जेवायला बसल्या. बारकी एकेक घास चावून खात होती, घाई कसलीच नव्हती. मग तिनं लहानपणी विचारायची तशा लाडिक आवाजात विचारलं.

"पण आता तू मुलांना काय बघायला सांगणार आहेस ग?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. पुलावर जुळवलेलं, ताजं. या पोरीनं काही विचारावं आणि मावशीनं सांगू नये, असं या घरात कधी झालं नव्हतं. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांना दिसलं, की बारकीचा घास हातातच थांबला आहे आणि ती अगदी लक्ष देऊन वाट बघते आहे.

बाईंनी तोंड मिटलं. मान खाली घालून त्यांनी ताटातलं जे होतं ते भराभर गिळायला सुरुवात केली, आणि समोर बसलेली भाची त्या कशा जेवतायत ते बघत राहिली.