चोवीस घरांचं नाव

मित्रांनो, मी कोलकात्याच्या बेहाला भागातला एक जुना संगणक आहे. श्यामसुंदर फणसे नावाच्या गणिताच्या मास्तरांनी वीस वर्षांपूर्वी मला घरी आणलं. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचा जन्म, शाळा, नोकरी, सगळं कोलकात्यातच झालं.

माझ्यासाठी त्यांनी सी भाषेत एकच प्रोग्राम लिहिला, तो आमच्या भागातल्या रक्तदात्यांच्या यादीचा. रक्तगट विचारला की मी नाव आणि फोन दाखवायचो, इंग्रजी अक्षरांत. लोक कौतुक करायचे आणि मी ते मनावर घ्यायचो.

यंदा मात्र घात झाला. एका बाळंतिणीला तातडीने रक्त हवं होतं. रक्तगट जुळणारी एकच बाई होती, बँकेतल्या बदलीमुळे नुकतीच इथे आलेली मंजुषा सौरभ चांदोरकर. मी नाव दाखवलं, पण फोनच्या जागी नुसतं 'कर'! अप्पांचा मुलगा अजेय धावत तिच्या घरी गेला, म्हणून निभावलं.

"अप्पा, फोनच्या जागी तुम्ही आडनाव टाइप करता. ही तिसरी वेळ," तो म्हणाला. "वय झालंय. यादी आता दुसऱ्या कुणाला देऊ या."

अप्पांनी माझ्यावर कापड टाकलं. स्वतःवरचा त्यांचा विश्वासच उडाला. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी आकडे बरोबर टाइप केले होते. ते पुसले मी! पण मी पडलो सांगकाम्या, आणि मला तोंडही नाही.

एका रविवारी त्यांच्या नातीने, श्रुतीने, कापड काढलं. ती सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत प्रोग्राम तपासण्याचंच काम करते. मला 'डबा' म्हणते, पण ते चालतं.

"आजोबा, मंजुषाकाकूचं नाव परत टाका."

तिने मला प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीनंतर थांबवलं आणि फोनची जागा उघडून पाहिली. अप्पांनी फोन टाइप केला. दहाही आकडे जागेवर होते. मग नाव टाइप केलं, आणि आकडे जाऊन तिथे 'कर' आलं.

"तुमचं हात बरोबर आहे, आजोबा!" श्रुती ओरडली. तिचं मराठी असं मधेच घसरतं.

अप्पांनी नावाला चोवीस घरं दिली होती, एका इंग्रजी अक्षराला एक. देबब्रत बंद्योपाध्याय हे लांबलचक बंगाली नाव मावलं, म्हणजे कुणीही मावेल, असा त्यांचा हिशोब. मराठी माणसं मधे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव लावतात, हे मराठी असून त्यांच्या लक्षातच आलं नाही. घरं संपली तरी सी भाषा कुणाला अडवत नाही. मंजुषाबाईंच्या नावाची उरलेली अक्षरं मी सरळ शेजारच्या फोनच्या घरांत लिहिली. आधीच्या दोन्ही वेळची नावंही अशीच लांब होती.

"म्हणजे चूक माझीच की!" अप्पा खदखदून हसले. "पण वीस वर्षांपूर्वीची! आजची नव्हे!"

त्यांनी घरं वाढवली आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट टाइप केलं. अजेयने पडद्यावरचा नंबर आपल्या मोबाइलवर लावला. अप्पांचा खिसा वाजला.

"बोला," अप्पा म्हणाले.

"चुकलो, अप्पा," अजेय म्हणाला.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस चुकतंय असं वाटलं, तर त्याला खुर्चीवरून उठवू नका. शेजारी बसा आणि एकेक ओळ तपासा. श्रुतीला त्यासाठी एक तास लागला. त्याआधीचे तीन आठवडे अप्पा रोज दाराची कडी आपण नीट लावली ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होते.