मधला ठिपका

साक्षीनं शोधलेली दीर्घिका महाडच्या कॉलेजला पसंत पडली नव्हती. फारच पुसट होती.

काम तसं साधं होतं. शास्त्रज्ञ रेडिओ दुर्बिणीनं टिपलेली आकाशाची चित्रं हौशी लोकांना तपासायला देतात. त्यांत दोन भलेमोठे फुगवटे दिसतात, आणि ते ज्या दीर्घिकेतून निघाले ती साध्या प्रकाशातल्या फोटोत हुडकायची असते. साक्षीनं फुगवट्यांच्या बरोबर मधला लालसर ठिपका दाखवला. विभागप्रमुख राजेश सरांनी डाव्या फुगवट्याशेजारच्या झगझगीत दीर्घिकेवर बोट ठेवलं. "एवढी ठसठशीत सोडून हा कचरा कशाला?" साक्षी हटली नाही. शास्त्रज्ञांनी ठिपकाच खरा ठरवला, तेव्हा कुठं सरांना आठवलं की मार्गदर्शन त्यांचंच होतं.

मग सत्कार ठरला. सत्कार म्हटला की बॅनर आलाच. डावीकडे राजेश सर, उजवीकडे संस्थेचे अध्यक्ष, दोघांचे चेहरे परातीएवढे. वर आकाशाचा फोटो, त्यातला बाण झगझगीत दीर्घिकेकडे. ठिपका छापला तर घाण पडल्यासारखं दिसेल, असं फ्लेक्सवाल्याचं शास्त्रीय मत पडलं होतं.

साक्षीचे वडील काशीराम बिरवाडीच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून आले होते, मुलीचा फोटो बॅनरवर बघायला. इस्त्रीचा शर्ट घालून ते मंचासमोर बराच वेळ उभे राहिले.

"तुजा फोटू नाय गो यात?"

"हाय, बाबा." तिला रडू येत होतं आणि रागही. बोटानं दाखवायची मात्र लाज वाटली.

कार्यक्रमात सरांनी स्वतःच्या मार्गदर्शनावर भरभरून भाषण केलं. उरलेल्या मिनिटात साक्षीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"बाण चुकलाय," ती म्हणाली. "कडेला जे मोठं, फुगलेलं दिसतं, तो नुसता पसारा असतो. त्याच्याकडे बघत बसायचं नाही. बरोबर मधे बघायचं. तिथं बारीकसं काहीतरी असतं. सगळं त्याच्यातूनच निघालेलं असतं."

सर कौतुकानं मान डोलावत होते. काशीराम मात्र मागच्या रांगेतून उठले, थेट मंचापाशी आले आणि डोळे बारीक करून बॅनर बघू लागले.

"दिसली!" ते ओरडले. "मदीच हायस की गो!"

सगळ्या सभागृहानं माना उंचावल्या. दोन परातींच्या मधे, टपालाच्या तिकिटाएवढी साक्षी होती. सरांची मान तेवढी डोलायची थांबली.